चौदा महिन्यांत आलेला बदलीचा आदेश

प्रश्न: राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून काम करणाऱ्या वाचक भगिनींनी लिहिले आहे की, सध्याच्या पदावर रुजू होऊन त्यांना अवघे चौदा महिने झाले असताना सप्टेंबरमध्ये ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच कारण देऊन त्यांची सुमारे दोनशे किलोमीटर दूर बदली करण्यात आली असून त्यांच्या जागी दुसऱ्या लिपिकाची नेमणूक झाली आहे. आदेशावर प्रादेशिक प्रमुखांची सही आहे. एका लोकप्रतिनिधीने तक्रार केल्यामुळे असे झाले, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले. मात्र त्यांच्याकडे लेखी खुलासा कधीही मागितलेला नाही. पती जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत, मुलगी दहावीत आहे. सहकारी सुचवतात की वैद्यकीय रजा टाकावी किंवा दुसऱ्या आमदारांचे पत्र आणावे. अद्याप त्यांना कार्यमुक्त केलेले नाही. काय करावे?

उत्तर: आपल्या पत्राचा मोठा भाग घरच्या अडचणींनी व्यापलेला आहे आणि त्या अडचणी खऱ्या आहेत, याविषयी मला शंका नाही, परंतु आपल्या प्रकरणाचे बळ त्या अडचणींत नसून, ज्या नस्तीवर (फाइलवर) ही बदली मंजूर झाली त्या नस्तीत काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, यात आहे. बदली ही शासकीय सेवेची अट असून विशिष्ट ठिकाणीच राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नसतो आणि बंधनकारक वैधानिक नियमाचा भंग किंवा दुष्ट हेतू दिसल्याखेरीज न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने शिल्पी बोस प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आपल्याला हा नियमभंग दाखवून द्यावा लागेल, आणि महाराष्ट्रात त्यासाठी आपल्या हाती स्वतंत्र कायदा आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. तो १ जुलै २००६ पासून अमलात आहे आणि कार्यालयांत ‘बदली अधिनियम’ या नावानेच ओळखला जातो. त्याच्या कलम ३ प्रमाणे एका पदावरील सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे आणि मंत्रालयाबाहेरच्या सेवांमधील, म्हणजे आपल्यासारख्या, गट-क कर्मचाऱ्याला त्या कार्यालयातून दुसरीकडे हलवण्याची वेळ दोन पूर्ण पदावधी झाल्यावर येते. कलम ४ म्हणते की पदावधी पूर्ण झाल्याशिवाय सामान्यतः बदली करू नये, बदलीस पात्र कर्मचाऱ्यांची यादी दरवर्षी जानेवारीत तयार करावी आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. आपली बदली पदावधीच्याही आधीची आहे आणि हंगामाच्याही बाहेरची आहे, त्यामुळे शासनाला दोन स्वतंत्र अपवादांचा आधार दाखवावा लागेल.

हे अपवाद नीट समजून घ्या, कारण पुढचा सारा वाद त्यांच्याभोवतीच फिरणार आहे. एप्रिल-मे वगळता इतर वेळी बदली करायची तर पद नव्याने निर्माण झालेले असावे किंवा निवृत्ती, पदोन्नती, राजीनामा अशा कारणाने रिक्त झालेले असावे; तसे नसेल तर अपवादात्मक परिस्थिती किंवा विशेष कारणे लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. पदावधी पूर्ण होण्यापूर्वी बदली करायची तर कलम ४(५) लागू होते आणि त्यात ‘विशेष प्रकरण’, लेखी कारणे आणि कलम ६ च्या तक्त्यातील लगतच्या वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. त्या तक्त्यानुसार गट-क कर्मचाऱ्यांच्या बदलीचा अधिकार विभागप्रमुखांकडे आहे आणि त्यांच्या वरची पायरी संबंधित सचिवांशी विचारविनिमय करून निर्णय घेणाऱ्या प्रभारी मंत्र्यांची आहे. आपल्या आदेशावर प्रादेशिक प्रमुखांची सही असल्याने पहिला प्रश्न हाच उभा राहतो की विभागप्रमुखांनी आपले अधिकार त्यांना रीतसर आदेशाने प्रदान केले होते काय. दुसरा, वरच्या प्राधिकाऱ्याची परवानगी आदेशाच्या तारखेपूर्वीची आहे काय. कायद्यातील शब्द ‘पूर्व’ असा असल्यामुळे आठवडाभराने मिळवलेली कार्योत्तर मंजुरी हा दोष भरून काढत नाही.

‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. प्रत्येक बदली प्रशासकीयच असते. विधिमंडळाने ‘विशेष’ कारण लेखी नोंदवण्याची अट घातली ती याच सवयीला आळा घालण्यासाठी. मात्र एक खबरदारी घ्या: आदेशात कारण नाही एवढ्यावरून आदेश रद्द होईल असे समजू नका, कारण ते कारण आदेशात नसले तरी नस्तीवरील टिपणीत नोंदवलेले असू शकते. त्याउलट, नस्तीतही काही नसेल तर शासनाला ते नंतर प्रतिज्ञापत्रात रचून सांगता येणार नाही. आदेशाची वैधता आदेश काढताना असलेल्या कारणांवरच ठरते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्ये घालून दिले आहे.

तक्रारीविषयी जे आपण तोंडी ऐकले ते खरे निघाले तर आपली बाजू अधिक भक्कम होते. तीन वर्षे पूर्ण न झालेल्या कर्मचाऱ्याविरुद्ध गैरवर्तणुकीची तक्रार आली तर केवळ तिच्या आधारे बदली करू नये, आधी वस्तुस्थिती जाणून घ्यावी, आवश्यक तेथे अहवाल मागवावा, आणि तथ्य आढळले तर शिस्तभंगाची कारवाई करावी, अशा सूचना सामान्य प्रशासन विभागाने ११ फेब्रुवारी २०१५ च्या परिपत्रकात दिल्या आहेत. त्या पदावर ठेवणे योग्यच नाही असे वाटल्यास कारणे नोंदवून बदलीचा मार्ग त्या परिपत्रकाने मोकळा ठेवलेला आहे, हेही सांगितले पाहिजे. सोमेश तिवारी प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेऐवजी केलेली बदली कायद्याच्या दृष्टीने दुष्ट हेतूची ठरवली होती. तिथेही मुळाशी तक्रारच होती. व्यक्तिगत आकसाचा आरोप मात्र पुराव्याशिवाय करू नका. तो सिद्ध करण्याचा भार फार जड असतो, आणि ज्या अधिकाऱ्यावर आरोप कराल त्यांना नावानिशी प्रतिवादी करावे लागते. नियमभंगाचा मुद्दा स्वच्छ असताना त्यावर हा भार लादण्याची गरज नाही.

आणखी एक कागद मागवण्यासारखा आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणातील ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालानंतर राज्य शासनाने ३१ जानेवारी २०१४ च्या शासन निर्णयाने नागरी सेवा मंडळांची, म्हणजे बदल्यांच्या प्रस्तावांवर शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समित्यांची, रचना केली. आपल्या बदलीचा प्रस्ताव अशा मंडळापुढे गेला होता काय, आणि गेला असल्यास बैठकीच्या इतिवृत्तात काय नोंद आहे, हे पाहिले पाहिजे. नस्तीतील टिपणी, मान्यतेची तारीख, अधिकार प्रदान केल्याचा आदेश, तक्रारीची प्रत आणि हे इतिवृत्त यांसाठी आजच माहितीच्या अधिकारात अर्ज करा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असल्याने त्यावर विसंबून मात्र थांबू नका. जिथे आपल्याला दाद मागायची आहे ते प्रशासकीय न्यायाधिकरण मूळ नस्ती शासनाकडून थेट मागवू शकते.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याकडे येतो. आजार नसताना वैद्यकीय रजा टाकू नका. बदलीविरुद्ध निवेदन दिले किंवा घरच्या अडचणी असल्या तरी स्थगिती मिळेपर्यंत आदेश पाळावाच लागतो, न पाळणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे; आज आपल्यावर कोणतेही दोषारोप नाहीत, ते आपल्या हाताने निर्माण होऊ देऊ नका. आमदारांच्या पत्राबाबत तर मी आपल्याला कळकळीने थांबवतो. सेवाविषयक बाबतीत राजकीय किंवा बाहेरचा दबाव आणण्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम २३ मनाई करतो, आणि लोकप्रतिनिधीच्या पत्रावरून बदली झाली असे न्यायासनासमोर सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्याच नस्तीत दुसऱ्या लोकप्रतिनिधीचे पत्र निघाले, तर तिचा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो.

आपला मंच महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, हा आहे; त्याची पीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. एल. चंद्रकुमार प्रकरणातील १९९७ च्या निकालानंतर सेवाविषयक तक्रार आधी न्यायाधिकरणापुढेच न्यावी लागते आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ ने एक वर्षाची मुदत दिली असली तरी बदलीच्या प्रकरणात ती मुदत कागदावरचीच समजा. नवा लिपिक रुजू झाला आणि आपण कार्यमुक्त झालात, की अंतरिम दिलासा मिळणे पुष्कळ कठीण होते. विभागप्रमुखांना एक पानाचे निवेदन द्या, त्याची पोच घ्या, आणि उत्तराची वाट न पाहता याच आठवड्यात मूळ अर्ज दाखल करा. कलम २० मध्ये आधी उपलब्ध उपाय वापरावेत असे आहे, पण ती अट ‘सामान्यतः’ या शब्दाने बांधलेली असल्यामुळे तातडी अर्जात स्पष्ट मांडा. अंतरिम आदेशासाठी विरुद्ध पक्षाला प्रत देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. अपवाद म्हणून तसे न करता दिलेला आदेश चौदा दिवसांपुरताच असतो. म्हणून अर्जाची प्रत शासनाच्या सादरकर्ता अधिकाऱ्याला (न्यायाधिकरणात शासनाची बाजू मांडणाऱ्या वकिलाला) लगेच द्या, आणि आपल्या जागी नेमलेल्या लिपिकालाही प्रतिवादी करा, कारण आदेश रद्द झाला तर त्यांचीही नेमणूक जाते आणि त्यांना न ऐकता तसे करता येत नाही.

त्याआधीच कार्यमुक्त केले गेले तर ‘माझे कायदेशीर हक्क राखून रुजू होत आहे’ असे लेखी नोंदवून नव्या ठिकाणी रुजू व्हा. एवढ्यामुळे आव्हानाचा हक्क जात नाही.

मुलीच्या दहावीचा मुद्दा अर्जात शेवटी, एका परिच्छेदात घ्या. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बदली शक्यतो टाळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या एका निकालात म्हटले आहे. तो स्वतंत्र हक्क नसला तरी किमान वर्षअखेरपर्यंत आदेश स्थगित ठेवावा या पर्यायी मागणीला त्याचा आधार मिळतो. पती-पत्नी एकाच ठिकाणी असावेत हे धोरण मात्र न्यायाधिकरणापेक्षा प्रशासनाकडेच अधिक उपयोगी पडते. म्हणून न्यायाधिकरणातील निकाल काहीही लागो, जानेवारीत पात्र कर्मचाऱ्यांची यादी तयार होण्यापूर्वी पतींच्या नियुक्तीचा दाखला जोडून आपला विनंती बदलीचा अर्ज आस्थापना शाखेत पोचलेला असू द्या.