मॅडम, सिरीयल बघून मुलगी म्हणते मला ऑटिझम आहे

"तिने कुठलीतरी कोरियन सिरीयल बघितली आणि तेव्हापासून म्हणतेय मला ऑटिझम आहे, आता हे नवीन खूळ कसं काढायचं तेवढं सांगा." सईच्या आईचं हे माझ्यासमोरचं पहिलं वाक्य. (ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण, त्यामुळे माणसांत मिसळणं, बोलणं, आवाज, स्पर्श हे सगळं वेगळ्या तऱ्हेने अनुभवलं जातं.) (सई हे खरं नाव नाही, घरची माहिती ओळखू येणार नाही इतपत बदललीये, आणि लिहायच्या आधी तिघांनाही विचारलंय.) हा प्रश्न मला आता वरचेवर येतो, कधी सिरीयल असते, कधी ॲनिमे, कधी पुस्तकातलं पात्र, पण काळजी तीच, की मूल कुठलं तरी पात्र बघून स्वतःला लेबल लावून घेतंय. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सई दहावीत. मार्क चांगले, दोन मैत्रिणी आहेत, बोलणं व्यवस्थित. आई म्हणाली, आमच्या समोरच्या बिल्डिंगमधे ऑटिझमचा मुलगा आहे, तो बोलतच नाही, मग हिला कसं असेल? बाबांनी तर आठ दिवस मोबाईल काढून घेतला होता.

पहिल्या सेशनला माझं चुकलं. आईबाबांचं ऐकून मीही तिला विचारलं, रोज किती वेळ बघतेस ग? "दीड तास." झालं, त्यानंतर वीस मिनिटं फक्त हो आणि नाही. खाली मान, हूडीची नाडी बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. मग मांडीवरच्या वहीकडे माझं लक्ष गेलं, वर लिहिलेलं "उलटसुलट". म्हटलं यात काय आहे? तिने पान उघडून माझ्याकडे फिरवलं. चिमा काय कामाची. रामाला भाला मारा. प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकटीत, मधल्या अक्षराला लाल रंग, म्हणजे तिथून दोन्हीकडे सारखं जातं. सलग पंचवीस मिनिटं बोलली त्यावर, आणि मग म्हणाली, सिरीयलमधल्या वू यंग-वूचं नाव पण असंच आहे, कोरियनमधे सरळ वाचा नाहीतर उलटं वाचा.

तर ही ती सिरीयल, एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू, २०२२ साली आलेली, सोळा भागांची, एका ऑटिस्टिक वकील मुलीची गोष्ट. मी थोडी बघितली होती, त्या आठवड्यात उरलेली बघितली. पालकांनाही मी हेच सांगते, ज्या पात्रावर तुमचं मूल इतकं जीव टाकतंय ते आधी बघा तरी, एक भाग बघायला तासभर लागतो.

दुसऱ्या सेशनला विचारलं, तुला तिच्यात काय दिसतं? "तुला ऑटिझम आहे असं का वाटतं" हे मुद्दाम नाही विचारलं, कारण त्या प्रश्नाला मूल पुरावे द्यायला लागतं आणि आपण खोडायला लागतो. सई म्हणाली, ती किंबाप खाते. किंबाप म्हणजे भात आणि भाज्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून कापलेल्या चकत्या, आत काय आहे ते सगळं दिसतं, तोंडात अचानक काही येत नाही. "मला पावभाजी का नको असते ते आईला सांगताच येत नव्हतं, आत काय आहे तेच कळत नाही ना. वरण वाटीत, भात वेगळा, भाजी लांब, मग मी जेवते." घरात याला नखरे म्हणायचे. वू कानाला हेडफोन लावून रस्त्याने जाते, आणि सई मिक्सर लागला की गॅलरीत जाऊन उभी राहते.

आणि मग ते दार. वूला गोल फिरणाऱ्या दारातून आत जाता येत नाही, कधी पाऊल टाकायचं ते जमत नाही, मग ऑफिसमधला एक जण तिला वॉल्ट्झ नाचाच्या ठेक्यावर एक दोन तीन करत शिकवतो. सई सातवीत असताना मॉलमधे सरकत्या जिन्यापाशी अशीच थबकली होती, मागे लोक खोळंबले आणि बाबांनी दंड धरून ओढलं. हे सांगताना तिने स्वतःचा दंड धरला होता.

"आणि तो सीन चालू होता ना तेव्हा बाबा मागून गेले. हसले. म्हणाले, ही बघ वेंधळी, आणि म्हणे वकील."

ऑटिझमचं वाक्य ती घरात पहिल्यांदा त्याच रात्री बोलली. सगळ्यांना वाटलं सिरीयल बघून बोलली, पण ती बोलली बाबांचं हसणं ऐकून. पात्राला हसणं हे आपल्याला फुकटचं वाटतं, पडद्यावरच्या माणसाला कुठे लागतंय, पण शेजारी बसलेल्या पोराला बरोबर कळतं की हा माणूस मी अशी वागले तर काय म्हणेल. आपण कोणत्या पात्राला चक्रम म्हणतो, कोणाची नक्कल करून दाखवतो, हे सगळं ते गोळा करत असतं आणि त्याप्रमाणे स्वतःतलं काय काय लपवायचं ते ठरवतं. याला मास्किंग म्हणतात. सईने मला सांगितलं की मैत्रिणी हसल्या की ती मनात दोनपर्यंत मोजून हसते.

आईच्या शंकेकडे येते. समोरच्या बिल्डिंगमधला मुलगाही ऑटिस्टिक असू शकतो आणि सईही, ऑटिझम प्रत्येकात वेगळा दिसतो, त्याला स्पेक्ट्रम म्हणतात ते म्हणूनच. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ऑटिझमवर जो प्रसिद्ध पेपर लिहिला त्यात ११ मुलं होती, ८ मुलगे आणि ३ मुली, आणि पुढे कितीतरी वर्षं ऑटिझम म्हणजे मुलग्यांचं काहीतरी अशीच समजूत राहिली. नीट बोलणाऱ्या, मार्क मिळवणाऱ्या, बघून बघून वागणं शिकलेल्या मुली सुटून जातात, मग पंधराव्या वर्षी नाहीतर पस्तिसाव्या वर्षी एखाद्या पात्रात स्वतःला बघतात आणि हादरतात. सिरीयल बघून ऑटिझम होत नाही, तो जन्मापासूनचा असतो. सिरीयलमुळे फार तर त्याला शब्द मिळतो. आता शब्द मिळालेला प्रत्येक जण ऑटिस्टिक असेल असंही नाही, कधी चिंता असते, कधी एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी थांबणं अवघड जाणं) असतो, कधी नुसतंच एकटेपण असतं. पण त्यातलं प्रत्येक विचारपूस करण्याजोगं आहे, खूळ म्हणून उडवण्याजोगं त्यात एकही नाही.

शब्दावरून आठवलं, आईने एकदा ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात तो "स्वमग्न" शब्द वापरला तर सई पहिल्यांदा चिडली. "मी कुठे स्वतःत मग्न आहे? मला तर बाहेरचंच सगळं जास्त ऐकू येतं, ट्यूबलाईटसुद्धा." मी इतकी वर्षं तो शब्द वापरत होते. तेव्हापासून मी ऑटिझमच म्हणते.

तिसऱ्या भेटीत मात्र तिची खरी भीती बाहेर आली. "वू एकदा वाचलेलं विसरत नाही, तिला अख्खा कायदा पाठ आहे. माझा इतिहास पाठ होत नाही. मग मी खोटं बोलतेय का?" मला फार वाईट वाटलं. १९८८ च्या रेन मॅन या सिनेमापासून पडद्यावरच्या ऑटिस्टिक माणसाकडे काहीतरी जादूची शक्ती असायलाच हवी असं होऊन बसलंय, आणि बहुतेक ऑटिस्टिक लोकांकडे तसलं काही नसतं. म्हणजे इकडे घर म्हणतं तू एवढी नॉर्मल आहेस तर ऑटिझम कसला, आणि तिकडे पडदा म्हणतो तू एवढी साधी आहेस तर ऑटिझम कसला. मी तिला तिसरा भाग परत बघायला सांगितला, त्यात एक ऑटिस्टिक तरुण आरोपी येतो, जेमतेम बोलणारा, आणि सगळ्यांना वाटतं वूला त्याच्याशी सहज बोलता येईल, पण तिलाही ते अवघड जातं. म्हणजे एकाच गोष्टीत दोघं, दोघं ऑटिस्टिक, एकमेकांसारखी नाहीत. सई म्हणाली, मग मी तिसरी.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. वूचं ठीक आहे हो, तिथे सांगितलंयच, पण ही तर कुठल्याही पात्राला ऑटिस्टिक म्हणते, शेरलॉक होम्सलासुद्धा, लेखकाने कुठे लिहिलंय? नाही लिहिलं, आणि लिहिणार कसं, होम्सची पहिली कथा १८८७ ची, कॅनरचा पेपर त्यानंतर ५६ वर्षांनी. पण नाव नंतर पडलं म्हणून तशी माणसं नव्हतीच असं नाही, आणि लेखकाने आजूबाजूची माणसं बघूनच पात्रं रंगवली असणार. पात्राचं निदान करता येत नाही, त्याची आई येऊन लहानपणचं सांगणार नाही. ओळख मात्र पटू शकते, "हा माझ्यासारखा आहे" म्हणायला लेखकाची सही लागत नाही. मी सईला अडवलं ते एकाच ठिकाणी, थंड, निर्दय पात्र दिसलं की लगेच ऑटिस्टिक म्हणायचं नाही. ऑटिस्टिक माणसाला भावना नसतात ही समजूतच चूक आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ, त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसे बाकीच्यांनाही तो कळत नाही, फक्त दोष एकालाच मिळतो. बाबा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मी एक काम दिलं. तिघांनी मिळून पहिला भाग बघायचा, रिमोट सईच्या हातात, तिला वाटेल तिथे पॉज, तिला वाटलं तर ती बोलेल नाहीतर नुसतं थांबायचं, आणि कोणीही हसायचं नाही. तिने अकरा वेळा थांबवला. दाराच्या सीनला थांबवून काहीच बोलली नाही, तेव्हा बाबाच म्हणाले, त्या दिवशी मी तुला ओढलं होतं ना.

तपासणीला मी त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, निदान करणं माझं काम नाही. तिथे लहानपणचं सगळं विचारलं, आईने अंगणवाडीपासूनचे किस्से सांगितले आणि सांगता सांगता स्वतःच रडली. निदान ऑटिझमचंच आलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र काढायचं का, शाळेत सांगायचं का, यावर आमचं अजून बोलणं चालू आहे आणि शेवटचा शब्द सईचा असेल असं ठरलंय. घरात एवढं झालंय की मिक्सर लावायच्या आधी आवाज देतात, "सई, लावतेय ग."

परवा ती वही घेऊन आली होती. मधे एका पानावर वेगळं अक्षर, बाबांचं, बॉलपेनने, चौकटीबिकटी काही नाही, "ती होडी जाडी होती". खाली सईने पेन्सिलने लिहिलंय, हे माझ्याकडे पान ४ वर आधीच आहे. मी विचारलं, मग हे खोडायचं का? तिने वही मिटून छातीशी धरली. "नाही, दोन्ही ठेवणार."