रायझन ५ ३६०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचाय? आधी कूलर बघ

भावा, मदरबोर्ड ए३२० असेल तर विषयच संपला, त्यावर मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) वाढवता येत नाही. बी४५० चालतो. सोबत आलेला छोटा कूलर बदल. आणि चाचणी दुपारीच घे. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये रात्री टिकलेली सेटिंग दुपारी कोसळते.

बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारा सेटिंगचा मेनू) व्होल्टेज १.२५, मल्टिप्लायर ४० ठेव, मग मल्टिप्लायर पाव-पावने चढव. प्रत्येक पायरीला अर्धा तास प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा चाचणीचा प्रोग्राम) चालव. तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की मागे ये. निळा स्क्रीन आला म्हणजे बहुतेक व्होल्टेज कमी पडतंय, थोडं वाढव, पण १.३ ओलांडू नकोस, चिप हळूहळू खराब होते. पीसी सुरूच झाला नाही तर प्लग काढून सीमॉस क्लिअर कर, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत येईल.

गेमसाठी आधी रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू कर, ते फुकटच आहे.