भजनातली पेटी वाजवणाऱ्या मुलीला पियानो शिकवावा का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी आठवीत आहे, गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवते. मोबाइलवर पियानो ऐकल्यापासून तिला तोच शिकायचा आहे. मामा म्हणतात, पियानोनं गणित पक्कं होतं. वडील लिहितात, "कापसाचे चुकारे आले का घेऊन देतो म्हटलं. पण पोरीले पुढं याचा काही उपयोग होईन, का निस्ती हौस?"

भाऊ, नमस्कार.

उपयोग आहे, आणि भरपूर आहे. पण गणितासाठी घेऊन देऊ नका. कॅनडात सहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक प्रयोग झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर की-बोर्ड किंवा गाणं शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त वाढलेला दिसला. पुढे अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा काटेकोर प्रयोगांमध्ये हा फायदा जवळपास उरला नाही. गणित कच्चं असेल तर गणिताचीच शिकवणी लावा. हे आधीच सांगतो, कारण सहामाहीत मार्क वाढले नाहीत म्हणून तिचं वाजवणं बंद व्हायला नको.

खरा फायदा तिच्या डाव्या हाताचा आहे. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, सूर सगळे उजव्या हाताचे. पियानोवर दोन्ही हातांची दहाही बोटं कामाला लागतात. उजवा हात चाल वाजवतो, डावा त्याच वेळी खालचे सूर आणि लय धरतो. औत हाकताना तुमच्या एका हातात रुमणं आणि दुसऱ्यात कासरा असतो, दोघांचं काम वेगळं आणि लक्ष एकच, तसंच हे. सुरुवातीला डावा हात उजव्याची नक्कल करतो, मुलं रडकुंडीला येतात. तेव्हा एकेक हात वेगळा बसवायचा, मग दोन ओळी अगदी संथ, एकत्र. हे काही महिने टिकलं तर रोज थोडं, चुकलेलं तेवढंच पुन्हा वाजवायची सवय लागते. त्या सवयीची किंमत मी पालकांना नेहमी सांगतो.

दुसरा फायदा आवाजाचा. पेटीत लहानमोठा आवाज भात्यावर ठरतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते, त्यामुळे प्रत्येक बोटाचा जोर वेगळा ऐकू येतो. इटलीत क्रिस्तोफोरीनं सन १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं ते यासाठीच.

अवघड जाईल ती स्वरलिपी, म्हणजे सूर लिहायची पद्धत. पेटीवर गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तुमची मुलगी आज काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीला) सा धरते, उद्या पांढरी दोनला. पियानोच्या लिपीत प्रत्येक पट्टीचं नाव कायमचं ठरलेलं असतं. सुरुवातीला गोंधळ होईल, होऊ द्या. दोन्ही पद्धती येणारा वादक फार कामाचा असतो. दक्षिणेतले चित्रपट संगीतकार इळैयाराजा यांचं पाहा. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातला हा मुलगा थोरल्या भावाच्या संगीत मंडळीत पेटी वाजवत गावोगाव फिरला, मग मद्रासला धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकला. मार्च २०२५ मध्ये त्यांची सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लंडनमध्ये वाजली. म्हणून भजनातली पेटी मुळीच सोडू देऊ नका. गाणाऱ्याच्या मागे अंदाजानं जायला तिथेच शिकायला मिळतं.

करिअरचं म्हणाल तर नुसतं पियानोवादन करून पोट भरणारे आपल्याकडे थोडे. शाळेतले संगीत शिक्षक, ऑर्केस्ट्रातले की-बोर्डवादक, स्टुडिओत संगीत संयोजन करणारे, ही कामं मात्र आहेत, आणि संगणकावरचं संगीत तर बहुतेक की-बोर्डवरूनच भरलं जातं. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांत बी.ए.ला संगीत घेता येतं. तो निर्णय बारावीनंतर. सध्या पेटीवर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायला लावा. शास्त्रीय वादनाच्या अशा परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. किती परीक्षा लागतात आणि अर्ज कधी करायचा हे शाळेत आताच विचारून ठेवा. पियानोसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा आहेत, त्या व्हिडिओ पाठवूनही देता येतात.

तारांचा पियानो घेऊ नका. आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळी दमट हवा त्याला मानवत नाही, आणि सूर लावणारा माणूस तालुक्यात मिळायचा नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या असतात, पण सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड पुरतो. सेलवर चालणारा मिळाला तर लाइन गेली तरी अडत नाही. शिकवणी ऑनलाइन लावणार असाल तर मोबाइल असा टांगा की वरून दोन्ही हात दिसतील, तोंड दिसलं नाही तरी चालेल. घ्यायला जाताना पोरीला सोबत न्या. एकच पट्टी आधी हळू, मग जोरात दाबायला सांगा. आवाज दोन्ही वेळा सारखाच आला, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नका, दुसरा दाखवायला सांगा.