छोट्या विमानासाठी बॅकअप जीपीएस टॅबलेट स्वस्तात कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चार आसनी विमान, पॅनेलमध्ये जुनं जीपीएस, गुडघ्यावर एक मोठा टॅबलेट. तो ऐनवेळी बंद पडला तर हाताशी असावा म्हणून दुसरा घ्यायचाय, पण त्यावर फार पैसे घालायचे नाहीत. सिमवाला की नुसता वाय-फायवाला, ॲपल की अँड्रॉइड, आणि वापरलेला चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

वापरलेला चालेल. मी स्वतः तसाच घेतलाय. पण आधी माझा एक फजितीचा किस्सा ऐका, कारण मॉडेलच्या नावापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

उन्हाळ्यातली दुपार होती आणि ऊन समोरून येत होतं. मुख्य टॅबलेट योकवर (विमान वळवायच्या हँडलवर) लावलेला, ब्राइटनेस पूर्ण, शिवाय चार्जिंगही चालू. तासाभरात स्क्रीन काळी झाली आणि 'उपकरण तापलंय, थंड होऊ द्या' असा संदेश आला. मी निर्धास्त होतो, बॅकअप होता ना! मागच्या सीटवरच्या काळ्या बॅगेत हात घातला, टॅबलेट बाहेर काढला, तर तोही चटका बसावा इतका गरम. सुरू केला आणि त्यावरही तोच संदेश. दोन्ही एकाच उन्हात भाजत पडले होते. पॅनेलवरच्या इवल्याशा जीपीएसवर आणि खाली दिसणाऱ्या रेल्वेरुळांवर भिस्त ठेवून मी पुढे गेलो. एक टॅबलेट हवेच्या झोताच्या तोंडाशी धरून ठेवला, तो दहा-बारा मिनिटांनी शुद्धीवर आला.

तेव्हापासून मी बॅकअपकडे वेगळ्या नजरेने बघतो. मुख्य टॅबलेट ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने दुसराही पडणार असेल, तर ते नुसतं ओझं आहे. आयपॅडसाठी ॲपलने दिलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. बंद कॉकपिटमध्ये काचेमागे ऊन असताना हा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. म्हणून माझा बॅकअप आता सीटच्या कप्प्यात सावलीत असतो, कव्हरशिवाय आणि चार्जिंगला न लावता.

आता मुख्य मुद्दा, चिपचा. आयपॅड घेणार असाल तर सिमची सोय असलेलंच मॉडेल घ्या. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये उपग्रहांचा सिग्नल घेणारी चिपच नसते, तो आजूबाजूच्या वाय-फायवरून जागा ओळखतो. त्यामुळे घरात नकाशावर निळा ठिपका बरोबर दिसतो आणि माणूस फसतो. तीन हजार फुटांवर कुठलं आलंय वाय-फाय? सिम घालायची किंवा प्लॅन घ्यायची मात्र गरज नाही, ती चिप सिमशिवाय काम करते. अँड्रॉइडमध्ये हा नियम लागू नाही. वाय-फायवाल्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस असतं, काही स्वस्तांत अजिबात नसतं. तिथे तपशिलाच्या यादीत 'जीपीएस' हा शब्द शोधायचा आणि तरीही विश्वास ठेवायचा नाही.

वापरलेला घेताना मी विक्रेत्यासमोरच एक चाचणी करतो. टॅबलेट बंद करून चालू करायचा, वाय-फाय बंद, एअरप्लेन मोड चालू, आणि उघड्या आकाशाखाली जाऊन नकाशा उघडायचा. दोन-तीन मिनिटं चाललो की ठिपका माझ्याबरोबर सरकला पाहिजे. अँड्रॉइडवर उपग्रह मोजून दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. चार उपग्रह ही जागा आणि उंची काढण्याची किमान गरज, पण उघड्यावर दहा-बारा सहज दिसायला हवेत.

या चाचणीत ठिपका यायला वेळ लागला तर लगेच नाक मुरडू नका. इंटरनेट असलं की टॅबलेट उपग्रहांच्या कक्षेची माहिती तिथून उचलतो, म्हणून ठिपका क्षणात येतो. इंटरनेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला अवघ्या ५० बिटच्या गतीने पाठवतो. एका उपग्रहाची माहिती पुन्हा पुन्हा येत राहते, दर ३० सेकंदांनी एकदा. विमान वळलं, पंखाने किंवा छताने मध्येच सिग्नल तोडला, की पुन्हा पहिल्यापासून. याचा अर्थ, बॅकअप हवेत पहिल्यांदा चालू करू नये. मी इंजिन सुरू करण्याआधी तो लावतो, ठिपका आला की स्क्रीन बंद करून कप्प्यात सरकवतो.

ॲपल की अँड्रॉइड हे ठरवतं तुमचं उड्डाणाच्या नकाशांचं ॲप. फोरफ्लाइट वापरत असाल तर प्रश्नच मिटला, ते फक्त आयपॅड-आयफोनवर चालतं. गार्मिन पायलट आणि स्कायडेमन दोन्हीकडे चालतात. ज्या ॲपवर तुमचा हात बसलाय तेच बॅकअपवर ठेवा. टेन्शनमध्ये नवीन ॲपचा मेनू शोधत बसणं हा वेगळाच ताप. आणि जुना टॅबलेट किती जुना चालेल, याचं उत्तरही ॲपकडेच आहे: त्याला किमान कोणती सिस्टिम लागते ते बघा आणि त्या सीमेच्या अगदी काठावरचा टॅबलेट घेऊ नका, वर्षभरात तो बाद होईल. चार्ट, म्हणजे उड्डाणाचे नकाशे, साधारण २८ दिवसांच्या चक्राने बदलतात, त्यामुळे बॅकअपवरचे चार्टही त्याच दिवशी उतरवून घ्या. माझ्या मित्राचा बॅकअप उघडला तर त्यात मागच्या पावसाळ्यातले चार्ट होते!

आकाराचं म्हणाल तर छोटाच. आठ इंचांच्या आसपासचा, आयपॅड मिनीच्या मापाचा, मांडीवर मावतो आणि कंट्रोल पूर्ण मागे ओढला तरी मध्ये येत नाही. दहा इंची टॅबलेट घरी बसून प्लॅनिंग करायला छान.

घरात वाय-फायवाला आयपॅड पडून असेल तर त्याला ब्लूटूथचा वेगळा रिसीव्हर जोडता येतो, बॅड एल्फ किंवा गार्मिन ग्लो यांसारखा. पण कुठलाही स्वस्त ब्लूटूथ रिसीव्हर आयपॅडला चालत नाही, त्यासाठीच बनवलेला लागतो. शिवाय चार्ज करायला आणखी एक वस्तू वाढते. मला हा मार्ग फारसा आवडत नाही. त्यापेक्षा खिशातला फोन बरा, त्यात चिप असतेच. त्यावर तेच ॲप टाकून ठेवलंत तर तिसरा बॅकअप जवळपास फुकटात झाला.

वाचलेले पैसे विजेवर खर्च करा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर, आठ इंची टॅबलेट त्यात दोनदा तरी भरतो. पॅनेलमधल्या लायटर सॉकेटला गाडीचा स्वस्त चार्जर लावायचा मोह टाळा. काही विमानांची वीज १४ व्होल्ट असते, काहींची २८, आणि गाडीचे कित्येक चार्जर २४ च्या पुढे टिकायला बनवलेलेच नसतात. दुसरं म्हणजे असले चार्जर रेडिओत खरखर सोडतात. मी एकदा टॉवरचं बोलणं अर्धवट ऐकत होतो, रेडिओला शिव्या घालत होतो आणि चार्जर उपटल्यावर आवाज लख्ख झाला. जमिनीवर असताना रेडिओचा स्क्वेल्च (खरखर दाबून टाकणारी सोय) उघडा ठेवून चार्जर लावून-काढून बघा, लगेच कळतं.

टॅबलेट होकायंत्राजवळ मात्र ठेवू नका, त्यात आणि त्याच्या कव्हरमध्ये चुंबक असतात. त्यावर दिसणारी उंची जीपीएसची असते, हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या अल्टिमीटरची नव्हे, आणि वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. जीपीएसचा सिग्नलच कुणी जॅम केला तर पॅनेल, टॅबलेट, फोन सगळे एकदम आंधळे होतील, म्हणून घडी घातलेला कागदी चार्ट माझ्या दाराच्या खिशात अजूनही आहे.

हो, टॅबलेट बघायला जाताना उडताना वापरता तो गॉगल घालून जा. पोलराइज्ड काच असेल तर काही स्क्रीन उभ्या धरल्या की ठार काळ्या दिसतात, काही आडव्या धरल्या की. विक्रेता विचित्र नजरेने बघेल. बघू दे. दोन्ही बाजूंनी फिरवून बघा, मगच पैसे द्या.