नायट्रिक ऑक्साइडचा आतड्यातल्या अँटिबॉडींशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि तो मुख्यतः आयजीए या अँटिबॉडीपुरता. आतड्याच्या अस्तरातल्या काही डेंड्रिटिक पेशी (जंतूंची खबर इतर रोगप्रतिकारक पेशींना देणाऱ्या पेशी) आयनॉस या एन्झाइमने नायट्रिक ऑक्साइड बनवतात. हा वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, म्हणजे निरोप शेजारच्या पेशीपुरताच! तेवढ्यात अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींवर टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचे रिसेप्टर (संदेश पकडणारे रेणू) वाढतात आणि आयजीएम या सुरुवातीच्या अँटिबॉडीऐवजी आयजीए बनवण्याकडे त्या वळतात. टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या मदतीशिवाय चालणाऱ्या मार्गातही एप्रिल व बाफ ही बी-पेशींना चालना देणारी प्रथिने वाढवून तो हातभार लावतो.

२००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात आयनॉसचा जनुक काढून टाकल्यावर आयजीए घटलेलं दिसलं. गंमत म्हणजे, बी-पेशींपासून तयार होऊन आयजीए बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींमध्येही पुढे हेच एन्झाइम सापडलं. मात्र सूज असताना नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार झालं, तर अस्तरालाच इजा होऊ शकते.