'उल्हास' या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून?

उल्हास म्हणजे आतून उसळून वर आलेला आनंद. समाधानी माणूस शांत बसू शकतो, उल्हास मात्र चेहऱ्यावर, पायांत, आवाजात दिसतोच. गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमानी एस्टीतून उतरतात आणि पोरं पाणंदीतून धावत सुटतात, तो उल्हास.

मूळ संस्कृत शब्द 'उल्लास'. 'उद्' म्हणजे वर आणि 'लस्' या धातूचा अर्थ चमकणे, खेळणे, बागडणे. मराठीत 'ल्ल'चा 'ल्ह' झाला. हिंदीत अजून 'उल्लास'च म्हणतात. आपणही 'उल्लसित' लिहितो, तेव्हा जुनं रूप डोकावतं. 'विलास' आणि नृत्यातलं 'लास्य' याच धातूचे. मला सगळ्यात आवडतो तो 'आळस'! 'अलस' म्हणजे ज्यात 'लस्' नाही तो, त्यावरून आलस्य, आळस. म्हणजे उल्हास आणि आळस एकाच घरातले, अर्थाने मात्र अगदी उलट.

आपल्या कोकणात तर या नावाची नदीच आहे. उल्हास राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. 1949 साली वसलेल्या उल्हासनगरचं नावही तिच्यावरूनच. पावसाळ्यात कर्जतजवळ फेसाळत, खळाळत जाणारी ही नदी एकदा बघा, अर्थ सांगावा लागणार नाही.

लिहिताना 'उल्हास' आणि 'उल्लास' दोन्ही चालतात. रोजच्या बोलण्यात 'उल्हास'च गोड वाटतो.