गावाकडची माणसे व्हॉट्सॲप सोडून सिग्नल किंवा टेलिग्रामवर का येत नाहीत?

सिग्नल आणि टेलिग्राम फुकट मिळत असताना मराठवाड्यातील आपले नातेवाईक व्हॉट्सॲपलाच का धरून बसले आहेत, असे आपण विचारले आहे. हाच प्रश्न आमच्या घरात जानेवारी २०२१ पासून धुमसत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने नवे गोपनीयता धोरण जाहीर केले. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या धाकट्या दिरांनी भावकीच्या ग्रुपवर भला मोठा संदेश टाकला, सर्वांनी सिग्नलवर यावे असे सांगितले आणि ते स्वतः लगेच ग्रुपमधून बाहेर पडले. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांच्यामागे कोण जाणार होते? माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. हिरव्या चिन्हावर बोट ठेवायचे, माइक दाबून धरायचा आणि बोलायचे, एवढे मी त्यांना शिकवले आहे, आणि तेवढ्या बळावर त्या उदगीरला दिलेल्या लेकीशी रोज बोलतात. सिग्नलवरही आवाजी संदेश जातो, हे मला ठाऊक आहे. पण तिथे त्यांची लेक नाही, सोयाबीनचा भाव टाकणारा आडत्या नाही आणि बचत गटातल्या बायकाही नाहीत. पुढे पुतणीच्या साखरपुड्याची तारीख ग्रुपवरच ठरली, दिरांना ती उशिरा कळली, आणि आपल्याला कोणी विचारत नाही, असे ते आजही म्हणतात. बैठकीतून उठून गेलेल्या माणसाला काय ठरले ते मागे जाऊन सांगावे, ही अपेक्षा मला मान्य नाही.

गावाकडची माणसे नवे शिकत नाहीत, हा आरोप तर साफ खोटा आहे. माझी मुलगी लातूरला नीटची तयारी करते आणि दिवसभर टेलिग्रामवर असते, कारण तिथे २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि चॅनलमध्ये उशिरा आलेल्यालाही जुन्या नोट्स मिळतात. दुबईला असलेले आमचे जावई बोटिम नावाच्या ॲपवरून फोन करतात, कारण तिथे व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही. जपानमध्ये ‘लाइन’ नावाचे ॲप चालते, कोरियात ‘काकाओटॉक’. समोरचा माणूस जिथे असेल तिथेच आपल्याला जावे लागते.

गुप्ततेसाठी टेलिग्रामवर जाणे तर मला चुकीचेच वाटते. तिथले साधे संभाषण दोन्ही टोकांना कुलूपबंद, म्हणजे बोलणाऱ्या दोघांशिवाय कोणालाच, अगदी कंपनीलाही, वाचता येणार नाही असे नसते. त्यासाठी वेगळी ‘सीक्रेट चॅट’ उघडावी लागते. याउलट व्हॉट्सॲपवरचे खाजगी संदेश २०१६ पासून तसे सुरक्षित आहेत, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे.

मात्र कोण कोणाशी केव्हा बोलले, यासारखी माहिती सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही, व्हॉट्सॲपकडे ती बरीच असते. तेवढ्यापुरता दिरांचा मुद्दा खरा आहे, आणि आपले काम नाजूक स्वरूपाचे असेल तर सिग्नल अवश्य घ्यावे. परंतु त्यासाठी व्हॉट्सॲप काढून टाकण्याची गरज नाही. ग्रुप सोडायचाच असेल, तर घरातल्या थोरल्यांना आधी फोन करावा, आणि लग्नकार्याची व शेताच्या वाटणीची खबर आपल्याला कोण देणार, हे त्यांच्याशी बोलून ठरवल्यावरच बाहेर पडावे.